येनाचे प्राध्यापक आणि माझी मान

आरशासमोर दाढी करताना माझी मान पहिल्यांदा आपणहून डावीकडे वळली, त्याला आता सहा वर्षे होतील. मी ती सरळ केली. ती पुन्हा वळली. रात्री उशीवर डोके वेडेवाकडे पडले असेल, असे म्हणून मी कामाला लागलो. दोन दिवसांनीही तेच. मग घरात उपाय सुरू झाले. उशी बदलली, लाटणे फिरवून झाले, ओव्याच्या पुरचुंडीने शेकून झाले. शेजारच्या काकूंनी तर उसण काढणारे एक पायाळू गृहस्थही शोधून आणले आणि त्यांनी आपला उजवा पाय माझ्या मानेला तीनदा लावला. गृहस्थ भले होते; पैसे घेतले नाहीत. मान मात्र वळायची ती वळतच राहिली.

पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी तिला नाव दिले : सर्व्हायकल डिस्टोनिया. दुखणे मानेचे, पण बिघाड मेंदूत. मेंदूच्या खोल भागात हालचालींचा मेळ घालणारी काही केंद्रे असतात. तिथून चुकीचे हुकूम सुटतात आणि मानेचे स्नायू ते इमानेइतबारे पाळतात. या आजाराची एक गंमत आहे. हनुवटीला नुसते बोट टेकवले, जोर मुळीच न लावता, तरी बऱ्याच जणांची मान सरळ होते. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच नोंदवून ठेवली आहे. एवढ्याशा स्पर्शाने जाणारा आजार म्हणजे मनाचाच खेळ, असा निष्कर्षही त्या काळी काढला गेला आणि पुढे कित्येक वर्षे या रोग्यांना मानसिक समजून वागवले गेले. माझ्यापुरते म्हणाल, तर सभासमारंभांत मी हनुवटीला बोट लावून बसतो आणि लोकांना मी मोठा विचारवंत वाटतो.

अशा दिवसांत एका जुन्या विद्यार्थ्याने मेंदूलहरींच्या प्रशिक्षणाबद्दल सांगितले. (मी पस्तीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. सल्ले देणाऱ्या विद्यार्थ्यांना तोटा नाही.) शहरात असे एक केंद्र होते. डोक्याला मलम लावून तारा चिकटवतात, कानांच्या पाळ्यांना चिमटे लावतात आणि समोर संगणकाच्या पडद्यावर एक होडी दिसते. मेंदूतल्या हव्या त्या लहरी वाढल्या की होडी पुढे जाते, नको त्या वाढल्या की थांबते. रोग्याने काय करायचे, हे कुणी सांगत नाही. होडी चालेल असे मन ठेवायचे, बस्स. मेंदू हळूहळू आपोआप शिकतो आणि मग मानेला जाणारे हुकूमही सुधारतात, असा त्यामागचा विचार. दर खेपेचे पैसे माझ्या पेन्शनच्या मानाने बरेच होते. पण वाकडी मान घेऊन रस्ता ओलांडताना उजवीकडची बस दिसत नाही, तेव्हा माणूस पैशांचा हिशेब करीत बसत नाही.

त्या खोलीच्या भिंतीवर एक चौकट होती. तीत दोन रेघा : खालची एकसारखी, करवतीच्या दात्यांसारखी नियमित, वरची नागमोडी, कधी फुगलेली, कधी ओसरलेली. तारा लावणाऱ्या मुलीला विचारले, तर तिला एवढेच ठाऊक होते की, ते चित्र यंत्रासोबत आले होते. मी मात्र ते ओळखले. तो माणसाच्या मेंदूचा छापला गेलेला अगदी पहिल्या आलेखांपैकी एक होता, १९२९ सालचा. खालची रेघ काळ मोजण्यासाठी, सेकंदाला दहा हेलकाव्यांची. वरची रेघ एका शाळकरी मुलाच्या डोक्यातली. मुलाचे नाव क्लाऊस, आणि त्याच्या डोक्याला तारा लावणारे त्याचे वडील, येना विद्यापीठातले मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक हान्स बर्गर. मी त्या मुलीला बर्गरची हकिगत सांगितली. जशी मी चाळीस वर्षांपूर्वी एका पुस्तकात वाचली होती, तशी. ती हकिगत अर्धीच खरी होती, हे मला नंतर कळले. म्हणून हा लेख.

बर्गरचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीत कोबुर्गजवळच्या नॉयसेस या गावी झाला. वडील डॉक्टर, मनोरुग्णांच्या इस्पितळाचे प्रमुख. आई मात्र कवीच्या घराण्यातली. तिचे वडील फ्रीडरिश र्‍युकर्ट. हे नाव आपल्याला अगदीच परके नसावे. संस्कृत, फारसी, अरबी अशा कितीतरी भाषा या माणसाने आत्मसात केल्या होत्या. महाभारतातले नलदमयंतीचे आख्यान त्याने १८२८ साली जर्मन पद्यात नेले, जयदेवाचे गीतगोविंदही नेले. स्वतःची दोन मुले दगावल्यावर त्याने लिहिलेल्या विलापिका पुढे मालरने संगीतात बांधल्या. नातू जन्मायच्या सात वर्षे आधीच हा आजोबा वारला. पण नॉयसेसचे ते घर, ती पुस्तके आणि ते नाव मागे राहिले. बाप मनोरुग्णांचा डॉक्टर आणि आजोबा कवी, अशा घरात वाढलेल्या मुलाला मन म्हणजे काय, हा प्रश्न पडला नसता तरच नवल.

सुरुवातीला मात्र त्याला ओढ होती ताऱ्यांची. खगोलशास्त्र शिकायला तो बर्लिनला गेला. एक सत्र होते न होते तोच कंटाळून त्याने एका वर्षासाठी सैन्यात नाव घातले. तिथे, ऐन विशीत, ती घटना घडली. कवायतीच्या वेळी त्याचा घोडा उधळून मागच्या पायांवर उभा राहिला आणि बर्गर खाली पडला, तो नेमका तोफ ओढणाऱ्या घोड्यांच्या वाटेत. तोफेचे चाक अंगावरून जाणार, एवढ्यात गाडा थांबला. अंगावर ओरखडाही आला नाही. मरण मात्र हातभर अंतरावरून पाहून झाले. त्याच संध्याकाळी घरून वडिलांची तार आली. हान्स बरा आहे ना, अशी चौकशी. यापूर्वी घरून कधी तार आली नव्हती. नंतर उलगडा झाला तो असा की, दूर कोबुर्गला असलेल्या बहिणीला त्या दिवशी एकाएकी वाटू लागले, भावावर संकट आले आहे, आणि तिने हट्ट धरून वडिलांना तार करायला लावली.

आता आपल्याकडे अशा गोष्टी घरोघर ऐकायला मिळतात. मुलाला ठेच लागली की दूरवर आईच्या काळजात चर्र होते. आपण ऐकतो, मान डोलावतो आणि सोडून देतो. मी स्वतः दूरसंवेदनावर विश्वास ठेवीत नाही. ज्या हजारो बहिणींना उगाच धास्ती वाटली आणि भाऊ सुखरूप निघाला, त्यांच्या तारा कुणी जपून ठेवीत नाही. बर्गरने ती गोष्ट सोडली नाही. मरणाच्या भीतीने माझ्या मनातून कसली तरी ऊर्जा बाहेर पडली असेल आणि ती बहिणीपर्यंत पोचली असेल, तर ती ऊर्जा मोजता आली पाहिजे, हा विचार त्याच्या डोक्यात बसला तो मरेपर्यंत. त्याने तारे सोडले आणि वैद्यक धरले. एका चुकीच्या समजुतीचा पाठलाग करताना माणूस खऱ्या शोधापाशी पोचल्याची उदाहरणे विज्ञानात आहेत. हे त्यातले मोठे.

१८९७ साली पदवी घेऊन तो येनाच्या मनोरुग्णालयात ओटो बिन्सवांगर यांच्या हाताखाली रुजू झाला. याच रुग्णालयात आठ वर्षांपूर्वी नीत्शेला आणून ठेवले होते. बर्गर तिथे सहायक म्हणून गेला, पहिल्या महायुद्धाची वर्षे लष्करी डॉक्टर म्हणून काढून परत तिथेच आला, १९१९ साली प्रमुख झाला आणि १९३८ साली निवृत्तही तिथूनच झाला. १९११ साली त्याने उर्सुला फॉन ब्यूलो या सरदारघराण्यातल्या, त्याच्याच कामात मदतनीस असलेल्या तरुणीशी लग्न केले. चार मुले झाली. १९२७ साली तो विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे कुलगुरूच म्हणा, झाला. बाहेरून पाहणाऱ्याला हा एक शिस्तीचा, अबोल, घड्याळाच्या काट्यावर चालणारा प्राध्यापक. ठरल्या वेळी वॉर्डातला फेरा, ठरल्या वेळी व्याख्यान. कल्पनाशक्तीचा माणूस म्हणून त्याच्याकडे कुणी बोट दाखवले नसते.

पण संध्याकाळी रुग्णालयाच्या आवारातल्या एका लहानशा इमारतीत दार लावून तो काय करतो, हे फारच थोड्यांना ठाऊक होते.

आधी त्याने मेंदूतल्या रक्ताभिसरणाचा मागोवा घेतला. अपघाताने किंवा शस्त्रक्रियेने कवटीचा तुकडा निघालेले रोगी असतात. त्यांच्या डोक्यावरच्या त्या मऊ जागी नाडीसारखी धडधड दिसते. भीती वाटली, आनंद झाला, की ती कशी बदलते, हे त्याने मोजले. मग मेंदूचे तापमान मोजले. विचार केल्याने मेंदू किती तापतो, याचा हिशेब त्याला हवा होता. त्यावर १९१० साली त्याने पुस्तकही काढले. हाती ठोस काही लागले नाही. कुत्र्यांच्या मेंदूतली वीज पकडायचा प्रयत्न त्याने १९०२ पासून केला होता, तोही जवळजवळ वाया गेला. मेंदूत वीज असते, हे मात्र नवे नव्हते. लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने १८७५ सालीच ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवर ती पाहिली होती. पुढे पोलंडच्या अडॉल्फ बेकनेही पाहिली. प्रश्न होता माणसाचा, आणि तोही जिवंत, जागा, विचार करणारा.

ही वीज किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. टाळूवर तारा लावल्या तर मिळणारा दाब साधारण एका व्होल्टच्या वीस हजाराव्या हिश्श्याइतका. विजेरीतल्या एका सेलचा तीस हजारावा भाग. हृदयाची वीज हिच्या कित्येक पट जोरदार; ती टिपणारे यंत्र आइन्टहोव्हेनने बनवले होते आणि त्याबद्दल त्याला १९२४ साली नोबेल मिळाले. दोन चुंबकीय ध्रुवांमध्ये ताणलेली केसाहून बारीक तार, तिच्यातून प्रवाह गेला की ती किंचित हलते आणि तिची सावली सरकत्या फोटोच्या कागदावर पडते. असलेच तारेचे गॅल्व्हॅनोमीटर घेऊन बर्गर मेंदूच्या मागे लागला. भौतिकशास्त्र त्याचे बेताचेच होते आणि यंत्रांशी त्याची झटापट चाले. मी शाळेत साधा गॅल्व्हॅनोमीटर मुलांना दाखवायचो, तर कुणी बाकावरून उठले तरी काटा थरथरे. एक व्होल्टचा वीस हजारावा भाग! कसल्या चिकाटीने त्याने तो पाहिला असेल?

६ जुलै १९२४. सतरा वर्षांचा एक मुलगा. मेंदूत गाठ असावी म्हणून शल्यविशारद निकोलाय गुलेके यांनी त्याच्या कवटीचा भाग काढला होता. त्या जागी बर्गरने विद्युदग्रे ठेवली आणि तार हलताना पाहिली. बारीक, पण हलली. (योगायोग असा की, याच १९२४ साली आपल्याकडे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांचे मोजमाप यंत्रांनी करायला सुरुवात केली. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचे कारण नव्हते.)

दुसरा कुणी असता, तर त्याच महिन्यात जगाला ओरडून सांगता. बर्गर पाच वर्षे गप्प राहिला. त्याला शंका खात होती. हे मेंदूचेच आहे कशावरून? हृदयाच्या ठोक्याचा धक्का असेल, टाळूच्या कातडीचा असेल, रक्तवाहिन्यांच्या धडधडीचा असेल, कपाळाच्या आणि मानेच्या स्नायूंचा असेल. एकेक शंका घेऊन त्याने एकेक फेडली. कवटीला भोक असलेले रोगी तपासले, अखंड कवटीचे निरोगी लोक तपासले, स्वतःच्या डोक्याला तारा लावल्या, मुलगा क्लाऊसला बसवले, मुलगी इल्सेला तोंडी हिशेब घालून बसवले. नवे, अधिक संवेदनशील यंत्र सीमेन्सकडून मिळाले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. डोळे मिटून शांत पडलेल्या माणसाच्या डोक्यात सेकंदाला सुमारे दहा लहरी उठतात. डोळे उघडले, किंवा मिटल्या डोळ्यांनी हिशेब करायला लागला, की त्या मोठ्या लहरी मोडतात आणि बारीक, जलद लहरी उरतात. पहिल्यांना त्याने आल्फा म्हटले, दुसऱ्यांना बीटा. त्या आल्फासाठीच मी पैसे मोजीत होतो.

१९२९ साली त्याने पहिला लेख छापला. पुढची नऊ वर्षे तो त्याच मथळ्याखाली, नुसता क्रमांक बदलून, लेख लिहीत राहिला, एकूण चौदा. जर्मनीत कुणी दखल घेतली नाही. शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत न वाढलेला एक मनोविकारतज्ज्ञ, तोही बहुधा स्नायूंची थरथर मोजून तिला मेंदू म्हणतो आहे, असा एकूण सूर. १९३४ साली केंब्रिजमध्ये एडगर एड्रियन (दोनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेला) आणि त्याचा सहकारी मॅथ्यूज यांनी, ही गोष्ट खोटी ठरवावी अशाच बेताने, स्वतःच्या डोक्यांना तारा लावल्या. एड्रियनने डोळे मिटले आणि आल्फा लहरी सरळ रांगेत उभ्या राहिल्या! मॅथ्यूजच्या डोक्यात त्या जेमतेमच निघाल्या, हा भाग वेगळा. एड्रियन दिलदार. त्याने लहरींना बर्गरचेच नाव दिले. त्या संपूर्ण मेंदूतून येतात हे बर्गरचे मत मात्र त्याने खोडून काढले. त्या येतात डोक्याच्या मागच्या, दृष्टीच्या भागातून. १९३७ साली पॅरिसच्या मानसशास्त्र परिषदेत बर्गरचा सन्मान झाला. पासष्टीला टेकलेल्या माणसाला परदेशात जाऊन कळले की, आपण प्रसिद्ध आहोत.

बहिणीची तार मात्र त्या लहरींत सापडली नाही. व्होल्टच्या वीस हजाराव्या भागाची वीज टाळूपासून हातभर दूरही जात नाही, कोबुर्ग कुठले! हे त्याच्या ध्यानात आले होते. तरी १९४० साली लिहिलेल्या शेवटच्या छोट्या पुस्तकात त्याने ती गोष्ट जगाला पहिल्यांदा सांगितली.

आता थोडे माझ्या मानेकडे. स्नायूंची शंका बर्गरला पाच वर्षे छळत होती, हे वाचताना मी दचकलो. आकडलेल्या मानेचे स्नायू सतत वीज सोडत असतात आणि ती वीज टाळूवरच्या तारांत सहज मिसळते. विशेषतः सेकंदाला वीसच्या वरच्या जलद लहरींत. माझ्या पडद्यावरची होडी थांबवणाऱ्या नको त्या लहरी नेमक्या याच पट्ट्यातल्या होत्या. मग होडी पुढे गेली, तेव्हा माझा मेंदू शांत झाला होता, की नुसती मान सैल पडली होती? मी एक प्रयोग केला. मास्तरकीची खोड. दात आवळले : होडी थांबली. जबडा सैल सोडला : निघाली. हनुवटीला बोट लावले : भरधाव! मी त्या मुलीला हे दाखवले. ती बिचारी गोंधळली. तिच्या वरिष्ठांनी, हालचाल करू नका, एवढेच सुनावले. वाकडी मान घेऊन आलेल्या माणसाला!

या प्रशिक्षणाला शास्त्रीय पाया नाही, असे नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत जो कामियाने दाखवले की, आपल्या मेंदूत आल्फा आहे की नाही, हे ओळखायला माणूस शिकू शकतो. त्याच दशकात बॅरी स्टरमनने मांजरांना सेकंदाला बारा ते पंधरा लहरींची एक लय वाढवायला शिकवले. पुढे योगायोगाने त्याच मांजरांवर रॉकेटच्या इंधनातल्या एका विषारी द्रव्याची चाचणी झाली आणि शिकलेल्या मांजरांना झटके यायला इतरांपेक्षा वेळ लागला. तिथून हा उपाय अपस्माराच्या रोग्यांपर्यंत आला. पण डिस्टोनियाचा बिघाड आहे खोल, आणि टाळूवरच्या तारांना ऐकू येते ते मुख्यतः वरच्या थरातले. मानेच्या या आजारावर तो गुणकारी आहे, असे म्हणण्याइतका पुरावा आजही जमलेला नाही. स्नायूंचीच वीज रोग्याला दाखवून त्यांना सैल करायला शिकवण्याचे प्रयोग १९७०च्या दशकात झाले होते. निदान त्यात आपण काय मोजतो आहोत, हे तरी स्पष्ट होते. मी बावीस खेपा केल्या. प्रत्येक खेपेनंतर तास-दोन तास बरे वाटे. शांत खोलीत अर्धा तास नुसते बसूनही तेवढे वाटले असते, असे माझे मत झाले. आता दर तीन महिन्यांनी बोट्युलिनमचे इंजेक्शन घेतो, जे या आजारावर १९८०च्या दशकापासून जगभर दिले जाते. मान पूर्ण सरळ नाही. पण बस दिसते.

बर्गरच्या रेघेचा खरा उपयोग झाला तो फिट येणाऱ्यांना. १९३५ साली बॉस्टनला गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवले की, काही मुले क्षणभर टक लावून हरवतात, तेव्हा त्यांच्या मेंदूत सेकंदाला तीन या लयीचे ठरावीक टोकदार आलेख उमटतात. अपस्मार म्हणजे बाहेरची बाधा नव्हे, कुळाचा शाप नव्हे, विजेची अनावर लाट आहे, हे कागदावर दिसू लागले. माझ्या आत्याला फिट यायच्या. लहानपणी मी तिच्या नाकाशी कांदा आणि चप्पल धरलेली पाहिली आहे. आजीने गाणगापूरच्या वाऱ्या केल्या. १९६०च्या दशकात मुंबईला नेऊन तिच्या डोक्याचा आलेख काढला, गार्डिनालच्या गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याला चार येणाऱ्या फिट वर्षाला एकीवर आल्या. तिचे लग्न झाले, तीन मुले झाली. तो आलेख तिने ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली ठेवला होता.

मी वाचलेल्या जुन्या पुस्तकात बर्गरचा शेवट असा होता : नाझींना तो नकोसा झाला, १९३८ साली त्याला एका फोनसरशी रुग्णालयातून घालवून दिले, यंत्रे मोडली, आणि त्या दुःखात त्याने प्राण दिला. एक हुतात्मा. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी हेच वाचले. एकविसाव्या शतकात इतिहासकारांनी येनाची कागदपत्रे उघडली, तेव्हा वेगळे निघाले. तो नियमाप्रमाणे पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाला होता. तो नाझी पक्षाचा सभासद नव्हता. पण एसएस संघटनेला वर्गणी देणाऱ्या पाठीराख्यांत त्याचे नाव होते. आणि तो येनाच्या वरिष्ठ आनुवंशिक आरोग्य न्यायालयावर बसत होता.

हे न्यायालय काय होते, ते सांगायला हवे. जुलै १९३३मध्ये नाझी सरकारने कायदा केला : आनुवंशिक रोग असलेल्यांची सक्तीने नसबंदी. यादीत मतिमंद, स्किझोफ्रेनियाचे रोगी, उन्माद-विषादाचे रोगी, जन्मांध, जन्मबधिर आणि आनुवंशिक अपस्माराचे रोगी होते. खालच्या न्यायालयाने निकाल दिला की, रोग्याला किंवा त्याच्या घरच्यांना अपील करायला एकच जागा उरे : वरिष्ठ न्यायालय. तिथे एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर. या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. दाराशी आलेली अपिले फेटाळली जाताना बर्गर त्या टेबलामागे होता.

मी हे वाचले त्या दिवशी मला आत्या आठवली. येनाला जन्मली असती, तर तिच्या डोक्यातली लाट ज्या माणसाच्या रेघेने ओळखली गेली, त्याच माणसापुढे तिच्या आईने अर्ज घेऊन उभे राहायचे. माझ्या तीन आतेभावंडांपैकी एकही नसते. तो काळच तसा होता, सगळेच करीत होते, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालून पाहिली. घातली गेली नाही. ज्याने पाच वर्षे स्वतःच्या शोधावर विश्वास ठेवला नाही, हृदय असेल, कातडी असेल, स्नायू असेल म्हणून एकेक शंका फेडली, त्याला आनुवंशिकतेच्या त्या उथळ कोष्टकाबद्दल एकही शंका येऊ नये? की आली आणि त्याने ती बोलून दाखवली नाही? त्याच्यावर कुणी पिस्तूल रोखले नव्हते. निवृत्तीनंतर १९४१ साली त्या न्यायालयावर पुन्हा काम कराल का, अशी विचारणा आली, तेव्हा त्याने आनंदाने होकार कळवला.

ते काम त्याच्या हातून झाले नाही. निवृत्तीनंतर तो खंगत गेला होता. हृदय दुबळे, मनावर गडद औदासीन्य. असे झटके त्याला पूर्वीही येऊन गेले होते. ज्या यादीवर तो निकाल देत असे, तीत विषादाच्या रोग्यांचीही नावे होती, हे त्याला कधी सुचले असेल का, कुणास ठाऊक. १ जून १९४१ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, येनाच्या त्याच रुग्णालयात त्याने गळफास लावून घेतला. त्याच्या जागी प्रमुख झालेला बेर्टोल्ड किन हा पुढे मनोरुग्णांना ठार मारण्याच्या योजनेतला एक परीक्षक होता.

गेल्या महिन्यात इंजेक्शन घेऊन परतताना मी त्या केंद्रात डोकावलो. ती मुलगी अजून तिथेच आहे, चौकटही आहे. तिची खेप संपेपर्यंत थांबलो आणि तिला राहिलेली अर्धी हकिगत सांगितली.